मेडिकलवर रोज एक मुलगा इन्सुलिनची सुई मागतो, द्यावी की नाही?

काउंटरवाला (दिघा)

मंडळी, पोस्ट लांबणार आहे, सांभाळून घ्या. आमचं मेडिकल आहे, ठाणे-बेलापूर रोडच्या आत, दिघ्याच्या बाजूला. वडिलांनी चालू केलेलं, सकाळी ते बसतात, चारनंतर मी. गेल्या दिवाळीपासून एक मुलगा येतोय, असेल बावीस-तेवीसचा, भर मे महिन्यात पण फुल बाह्यांचा शर्ट. मागतो काय तर लाल टोपीची सिरिंज, म्हणजे ४० युनिटवाली इन्सुलिनची. एकच. सुट्टे पैसे मोजून काचेवर ठेवतो, मान वर करत नाही. पहिल्यांदा विचारलं तेव्हा म्हणाला आजीला शुगर आहे. आता ज्या घरात इन्सुलिन चालू आहे त्या घरातला माणूस कधी ना कधी इन्सुलिन पण मागतो, ती थंड राहावी म्हणून बर्फाची पिशवी मागतो, ग्लुकोमीटरच्या पट्ट्या मागतो. ह्याने सात महिन्यांत एकदाही नाही. मधे एकदा एव्हिलच्या वायल मागितल्या, म्हणजे ॲलर्जीचं इंजेक्शन, जे नशेवाले मालात मिसळून टोचतात, म्हटलं चिठ्ठी आण, तेव्हा माझा सगळा हिशोब लागला.

मग मी सुई द्यायची बंद केली. स्टॉक संपलाय, उद्या ये, असं तीन दिवस. चौथ्या रात्री शटर ओढून मागच्या गल्लीत गाडी काढायला गेलो तर नाल्याच्या कठड्यावर हा आणि अजून दोघं. मोबाइलच्या टॉर्चवर. एकाचं झालं की बाटलीच्या झाकणात पाणी, त्यात सिरिंज दोनदा ओढून सोडायची आणि पुढच्याच्या हातात. मी बघत उभा राहिलो, ओरडलो पण नाही, काय माहीत का. सकाळी ती सिरिंज तिथेच पडलेली होती, तिच्यावरचे आकडे पार पुसून गेलेले. आकडे पुसले जाईपर्यंत ती किती जणांच्या हाताला लागली असेल विचार करा.

वडील म्हणतात दुकानाचं नाव खराब होईल, अशी गिऱ्हाईकं उभीच करू नकोस. बीटचा हवालदार एकदा येऊन गेला, कोणाला सुया विकतोस म्हणून. बायको म्हणते तू तीन दिवस नाही दिलीस तर त्याने सोडलं का? ह्याला माझ्याकडे उत्तर नाही. कायद्याने मी विकू शकतो हे माहीत आहे, सिरिंजला चिठ्ठी लागत नाही. पण विकावी का? ह्या फील्डमधलं कोणी असेल तर बोला, उपदेश नको.


ऐरोलीचा_बाप

सरळ सांगतो, देऊ नका. माझा मुलगा बारावीला आहे, क्लासहून रात्री साडेनऊला येतो, त्या रस्त्यावर हे गर्दुल्ले बसलेले असतात. तुम्ही सुया देताय कळलं की दहाचे वीस होतील. ज्याला मरायचंय तो मरेल, आपण त्याला सामान का पुरवायचं?


तुर्भे_फील्ड

काउंटरवाला दादा, मी आठ वर्षं हेच काम केलंय, तुर्भे-सानपाडा पट्ट्यात, सुईने नशा करणाऱ्यांच्या प्रोजेक्टवर आउटरीचला, म्हणजे ते बसतात तिथे जाऊन भेटायला, होते. माझं उत्तर, द्या. आणि एक नको, दोन-तीन द्या.

एचआयव्ही काही गर्दमध्ये, म्हणजे ब्राउन शुगरमध्ये, नसतो, सुईच्या पोकळीत जे थेंबभर रक्त उरतं त्यात असतो. तुमच्या लाल टोपीवालीला सुई फिक्स असते त्यामुळे आत रक्त त्यातल्या त्यात कमी उरतं, वेगळी सुई लावायची मोठी सिरिंज असते तिच्यात जास्त. पण झाकणातल्या पाण्यात दोनदा खळबळून काही साफ होत नाही, उलट ते पाणी, तो चमचा, तो कापूस तिघांत एकच असेल तर हिपॅटायटिस सी पण जातो, तो तर वाळलेल्या रक्तात सुद्धा कितीतरी दिवस टिकतो. देशात मोठ्या माणसांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण ०.२ टक्क्यांच्या आसपास आहे, सुईने नशा करणाऱ्यांमध्ये नॅकोच्या (केंद्र सरकारची एड्स नियंत्रण संस्था) २०१७ च्या पाहणीत ते सहा टक्क्यांच्या वर निघालं होतं. एका सुईच्या फरकाने माणूस ह्या आकड्यातून त्या आकड्यात जातो.

आता फील्डवर जे कळलं ते. वापरलेली सुई टोचून घ्यायला कोणालाच आवडत नाही, नशेत असला तरी. मी एकदा पुलाखाली एका पोराला झापलं होतं, काल तुला तीन कोऱ्या दिल्या आणि आज दुसऱ्याची घेऊन बसलास? तर म्हणाला, ताई, रात्री झडती होते, खिशात सुई सापडली की फोडून काढतात, म्हणून खिशात ठेवतच नाही. एकच ठेवतो, ती त्या पाइपात खोचलेली असते, जो येईल तो वापरतो. मी जाऊन बघितलं. खरंच होती पाइपात. आम्ही ट्रेनिंगमध्ये शिकून आलेलो की ह्यांच्यात जागृती करायची, आणि तो पोरगा मला शिकवत होता की जागृती आहे हो, खिशात ठेवायची सोय नाही.

स्कॉटलंडमधे एडिनबरात १९८० च्या सुरुवातीला हेच झालं. पोलिसांनी सुया जप्त करायला सुरुवात केली, दुकानदारांनी विकायच्या बंद केल्या, नशा काय कमी झाली नाही, सुया कमी झाल्या. १९८६ पर्यंत तिथल्या एका दवाखान्यात तपासलेल्या सुईवाल्यांपैकी निम्मे पॉझिटिव्ह. आणि तासाभरावरच्या ग्लासगोत प्रमाण त्याच्या कितीतरी खाली. गर्द दोन्हीकडे तोच होता.

कायद्याचं विचाराल तर २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा आहे, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू. त्याच्या कलम २२ मध्ये आहे की संसर्ग टाळण्यासाठी सरकारी मार्गदर्शक सूचनांप्रमाणे जे केलं जातं, कोऱ्या सुया देणं त्यात आलं, तो गुन्हा नाही. हे प्रोजेक्टना संरक्षण आहे, तुमच्या काउंटरला जसंच्या तसं लागू होईल असं मी म्हणणार नाही, पण कोणी विचारलं तर सांगायला बरं पडतं. जवळपास प्रोजेक्ट चालू आहे का ते १०९७ ह्या एड्स हेल्पलाइनवर विचारा, फुकट आहे.


निवृत्त_हवालदार

एकतीस वर्षं नोकरी, शेवटची ठाण्यात. वर ताईंनी लिहिलंय ते झोंबलं, पण खोटं नाही. स्टेशन परिसरात मोबाइल चोऱ्या वाढल्या की वरून विचारणा, मग रात्री दोन-चार गर्दुल्ले उचलायचे. सोपं असतं ना, त्यांच्यासाठी कोणी वकील येत नाही, नगरसेवकाचा फोन येत नाही. पुडी विकणारा सापडायला महिने लागतात, ओढणारा दहा मिनिटांत.

काउंटरवाल्यांना एवढंच सांगतो, नुसत्या कोऱ्या सुईवर एनडीपीएसची, म्हणजे अमली पदार्थ कायद्याची, केस उभी राहत नाही. कलम २७ सेवनाचं आहे, ब्राउन शुगर असेल तर एक वर्षापर्यंत शिक्षा नाहीतर २० हजारांपर्यंत दंड नाहीतर दोन्ही. आणि त्याच कायद्यात ६४अ आहे, व्यसनी माणूस स्वतःहून उपचाराला गेला तर सेवनाची किंवा थोड्या मालाची केस त्याच्यावर चालत नाही. हे कलम आमच्यातल्या निम्म्यांना माहीत नव्हतं, त्या पोरांना कुठून असणार. तुम्ही बिलं नीट ठेवा, हवालदार परत आला तर त्याच्याशी दुकानात बसून चहा पिऊन बोला, बाहेर उभं राहून नको.


ऐरोलीचा_बाप

वा. म्हणजे आता पोलीस पण चुकीचे, दुकानदाराने सुया वाटायच्या, उद्या गर्द पण सरकारने फुकट द्यावा मग. टॅक्स आम्ही भरतोच आहोत.


तुर्भे_फील्ड

साहेब चिडू नका, तुमचा प्रश्न नवा नाही, आमच्या सेंटरच्या खालच्या दुकानदाराने हाच विचारलेला. गर्द नाही देत, पण ओएसटी देतात, म्हणजे गर्दच्या जागी डॉक्टरी औषध. ब्युप्रेनॉर्फिनची गोळी, जिभेखाली, नर्सच्या समोर बसून विरघळवायची, रोज, फुकट. गोळी घेतलेल्या माणसाला गर्दची तलफ येत नाही, कळ येत नाही, सुई लागत नाही. आणि पुडीला रोज जे शे-दोनशे लागतात तेही लागत नाहीत, म्हणजे तुम्हाला ज्याची भीती आहे, मोबाइल हिसकावणं वगैरे, त्याचं कारणच जातं. आमच्याकडचा एक जण सकाळी गोळी घेऊन मग एपीएमसीत हमालीला जायचा, पाच वर्षं. त्याची अडचण कसली होती सांगू? सेंटर दहाला उघडायचं आणि मार्केटमध्ये काम पहाटे. दहापर्यंत थांबला तर हमाली बुडते, हमालीला गेला तर गोळी बुडते. शेवटी मुकादमाने त्याला दुपारच्या गाड्यांवर टाकलं म्हणून तो टिकला. डॉक्टरांनी नाही वाचवला त्याला, मुकादमाने.

मुलाच्या रस्त्याचं म्हणाल तर सुया रस्त्यावर का पडतात ते बघा. जिथे जुनी परत आणली की नवी मिळते तिथे पोरं स्वतः वेचून आणतात. आमच्याकडे एक जण दुसऱ्यांच्या पण गोळा करून आणायचा, डबा भरून.


कोपरीची_बहीण

मी हे कुठेच लिहिलेलं नाही आजपर्यंत. वाचून राहवलं नाही.

माझा भाऊ. सुई नव्हती त्याची, गर्द पन्नीवर तापवून धूर ओढायचा. चार महिने व्यसनमुक्ती सेंटरला ठेवलेला, पैसे भरून, ते सेंटर काय होतं ते परत कधीतरी. घरी आला तेव्हा गाल भरलेले, आई नजर काढत होती. आठ दिवस घराबाहेर पडला नाही. नवव्या दिवशी मित्र आले. रात्री दीडला परत आला तो सरळ गादीवर पडला आणि घोरायला लागला. मोठमोठ्याने, मधेच थांबायचा, मग एकदम घरघर करून परत. आई म्हणाली किती महिन्यांनी पोर शांत झोपलंय. पंखा कमी केला, अंगावर चादर घातली, मला मोबाइलचा आवाज बंद करायला लावला. पाच वाजता दूधवाला आला तेव्हा मी उठले तर त्याचे ओठ जांभळे झालेले.

नंतर कळलं, चार महिन्यांआधी जेवढं घ्यायचा तेवढंच घेतलं होतं, वर दारू आणि बटणाच्या, म्हणजे झोपेच्या, गोळ्या. पण अंगाची सवय गेलेली. सेंटरमधून सोडताना आम्हाला देवाचा फोटो दिला, नियमांचा कागद दिला, पण आता पहिल्याएवढं घेतलं तर जाईल हे एका माणसाने सांगितलं नाही. मित्राला माहीत होतं ह्याला जास्त झालंय, त्याने बिल्डिंगच्या गेटपर्यंत आणून सोडलं आणि पळाला. वर आला असता, बेल वाजवली असती तर. पण केस होईल म्हणून घाबरला. मी त्याच्यावर वर्षभर रागावलेली होते, आता नाही, तो पण एकवीस वर्षांचाच होता.

नातेवाइकांना आम्ही हार्ट अटॅक सांगितलंय. आईने सांगायला लावलं. मावशीचा मुलगा ओढतो हे मला माहीत आहे, आणि मी त्याला काही सांगू शकत नाही कारण आमच्याकडे तर हार्ट अटॅक झालाय.


नाइट_ड्युटी

ताई, आईंना एक सांगा, कॅज्युअल्टीत येणाऱ्या बहुतेक घरांतून मी हेच ऐकलंय, "झोपला होता, घोरत होता". कोणालाही ते झोपच वाटतं.

बाकीच्यांसाठी लिहितो. गर्द, मॉर्फिन, कोडीन, ट्रॅमाडॉल ह्या जातीच्या औषधांचा डोस जास्त झाला की मेंदू श्वास घ्यायचं विसरायला लागतो. घरघर करत, थांबत थांबत घोरणं, ओठ-नखं निळी-जांभळी, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, आणि छातीच्या मधल्या हाडावर मुठीने जोरात चोळलं तरी जाग नाही, असं असेल तर ती झोप नव्हे. १०८ लावा. श्वास बंद पडत असेल आणि तुम्हाला जमत असेल तर तोंडाने श्वास द्या, श्वास चालू असेल तर कुशीवर वळवा म्हणजे उलटी घशात जाणार नाही, आणि एकटं सोडू नका. लिंबू, मिठाचं पाणी, बादलीभर थंड पाणी, थपडा, ह्यात फक्त वेळ जातो.

ह्यावर औषध आहे, नॅलॉक्सोन. दंडात किंवा मांडीत इंजेक्शन, दोन-तीन मिनिटांत निळा माणूस उठून बसतो आणि वर आपल्यालाच शिव्या घालतो कारण त्याची सगळी नशा उतरलेली असते. पण असर अर्धा ते दीड तास, गर्द त्याहून जास्त वेळ अंगात राहू शकतो, म्हणून उठून बसलेला माणूस घरी जातो म्हणाला तरी सोडायचा नाही. अमेरिकेत २०२३ पासून ह्याचा नाकात मारायचा स्प्रे चिठ्ठीशिवाय मिळतो, आपल्याकडे मुख्यतः इंजेक्शन आणि तेही चिठ्ठीवर. दारू, बटण, एमडी (मेफेड्रोन) ह्यांच्यावर ते चालत नाही, पण नक्की काय घेतलंय माहीत नसेल तर दिल्याने नुकसान नाही.

मित्र का पळतात हे मला रोज दिसतं. रिक्षातून आणतात, स्ट्रेचरवर टाकतात, नाव विचारेपर्यंत गायब. काय घेतलं, किती वाजता घेतलं हे फक्त त्यांनाच माहीत असतं. रस्ता अपघातात मदत करणाऱ्याला २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात संरक्षण आहे, तसं ओव्हरडोसवाल्याला आणणाऱ्यासाठी नाही. एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची नोंद, होते, ते खरं, पण एमएलसी म्हणजे कागद, अटक नाही. थांबा आणि काय घेतलंय ते सांगा.

आणि काउंटरवाले, तुमच्या झाडूवाल्या मावशींना सांगून ठेवा, कचरा उचलताना अशी सुई टोचली तर साबण-पाण्याने धुवायचं, पिळायचं नाही, आणि लगेच सरकारी किंवा महापालिकेच्या हॉस्पिटलात यायचं. पीईपीच्या, म्हणजे एचआयव्ही लागू नये म्हणून घ्यायच्या, गोळ्या ७२ तासांच्या आत चालू व्हायला लागतात, जेवढ्या लवकर तेवढं चांगलं, २८ दिवस.


काउंटरवाला (दिघा)

आठवडा झाला, म्हटलं कळवावं. बहीण ताई, तुमची पोस्ट मी वडिलांना वाचून दाखवली. ते काही बोलले नाहीत, चष्मा पुसत बसले. दुसऱ्या दिवशी म्हणाले, तुझ्या वेळेत काय करायचं ते कर, माझ्या वेळेत मला विचारू नकोस. आमच्या घरात ह्याला परवानगी म्हणतात.

मुलगा परवा आला. एक मागितली, मी तीन ठेवल्या. पैसे एकाचेच होते त्याच्याकडे, म्हटलं राहू दे. तो जरा घाबरला, वाटलं असेल कोणीतरी मागे उभं आहे. मी म्हटलं वापरलेल्या परत आण, नवीन घेऊन जा, आणि दुसऱ्याला आपली देऊ नको. कागदावर १०९७ लिहून दिला. कागद बघितला आणि पहिल्यांदा मान वर करून हसला, म्हणाला, "शेठ, फोन विकून दोन महिने झाले."

मग मीच लावला, काउंटरवरून, स्पीकर न ठेवता. त्याला रिसीव्हर दिला, तीन-चार मिनिटं बोलला, गिऱ्हाईकं येत होती तेव्हा गप्प व्हायचा. कळव्याच्या हॉस्पिटलात तपासणी फुकट होते, नाव बाहेर जात नाही, हे त्याला तिकडून कळलं. गेला का माहीत नाही. आधार कार्ड लागेल का हे त्याने मला दोनदा विचारलं, त्याचं आधार गावाला आहे आणि घरचे आत घेत नाहीत. लागतं का हो? तेवढं सांगा कोणीतरी. आणि नाल्यावर तिघं बसतात त्यातला एक मागच्या आठवड्यात तळोज्याच्या जेलमधून सुटून आलाय म्हणे, ते घोरण्याचं मी ह्याला सांगितलंय. पहिल्याएवढं घ्यायचं नाही आणि एकट्याने घ्यायचं नाही, हेही. ऐकत होता नीट.

आज संध्याकाळी पाच सुया परत आणल्या, रुमालात बांधून. तीन माझ्या, दोन कुठल्या तरी दुसऱ्या. आता ह्या टाकायच्या कशात? दुकानातल्या बादलीत मावशी हात घालतात.


तुर्भे_फील्ड

दादा, आधीच सांगते, तपासणीला आधार मागत नाहीत, मागितलं कोणी तर आयसीटीसीच्या (हॉस्पिटलातलं एचआयव्ही तपासणी केंद्र) समुपदेशकाला भेटू द्या म्हणायचं, रजिस्ट्रेशनच्या खिडकीशी वाद घालत बसायचं नाही. पहिल्यांदा जाणारा तिथेच परत फिरतो. जमलं तर सोबत कोणी जा. आणि तिथे असतानाच हिपॅटायटिस सीचं पण विचारायला सांगा, त्याची औषधं २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात फुकट आहेत, बहुतेकांचा तीन महिन्यांचा कोर्स.

सुयांना परत टोपी लावू नका, टोपी लावतानाच बोटाला लागते. हॉस्पिटलात पांढरा जाड डबा असतो तो मिळाला तर उत्तम, नाहीतर तेलाचा पाच लिटरचा कॅन घ्या, जाड असतो, झाकण घट्ट बसतं. पाऊण भरला की हॉस्पिटलच्या जैविक कचऱ्यात द्यायचा, घंटागाडीत नाही. आणि सुया मुलाला स्वतःलाच डब्यात टाकू द्या, तुम्ही हात लावू नका.


ऐरोलीचा_बाप

माझं मत बदललं नाही. पण आमच्या कँटीनचे तेलाचे कॅन रिकामे होतात, धुऊन ठेवायला सांगतो. शनिवारी दिघ्याला यायचंच आहे. दुकान स्टेशनच्या कुठल्या बाजूला?


काउंटरवाला (दिघा)

पूर्वेला. चारनंतर या.